चांगल्या दिवसांची चौकशी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी गणित शिकवायचे. नुसतं उत्तर लिहिलं तर ते गुण कापत, कारण उत्तर कुठूनही येऊ शकतं, रीत मात्र स्वतःची लागते. संयोजकांनी मला मानसिक आजारांवर बोलायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की सगळ्या आजारांची यादी वाचून दाखवायची नाही. एकच आजार घ्यायचा आणि त्याचं निदान कोणत्या रीतीने होतं ते मांडायचं. तो आजार म्हणजे द्विध्रुवी मनोविकाराचा दुसरा प्रकार. दवाखान्यात आम्ही आणि आता रुग्णही त्याला ‘बायपोलर टू’ म्हणतो.

हा आजार निवडण्याचं कारण सरळ आहे. त्याच्यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा एमआरआय काढून तो दिसत नाही, आणि समोर बसलेल्या रुग्णाकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो ओळखू येत नाही. त्याचं निदान भूतकाळात असतं, आणि तो भूतकाळ बहुतेक वेळा रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त आठवत असतो. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं बोलणं या एका गोष्टीच्या पुराव्यासाठी.

आधी आजार काय ते पाहू. त्याचे दोन भाग. पहिला नैराश्याचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास डिप्रेशन म्हणतो त्याचा. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं. सोबत झोप आणि भूक बिघडणं, अंगातलं त्राण जाणं, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार येणं. दुसरा भाग हायपोमेनियाचा. किमान चार दिवस सलग मन नेहमीपेक्षा उल्हसित किंवा चिडखोर होतं आणि त्याच्या जोडीने अंगातला उत्साह, कामाचा झपाटा वाढतो. झोप कमी पुरते. बोलणं वाढतं, विचार धावतात, एका कामातून दुसऱ्यात उडी पडते, स्वतःबद्दल फाजील खात्री वाटते, पैसे खर्च होतात, नको ते धाडस होतं. हा बदल आजूबाजूच्यांना दिसतो, पण संसार किंवा नोकरी कोलमडावी इतका तो मोठा नसतो. भ्रम किंवा भास होत नाहीत, रुग्णालयात ठेवावं लागत नाही. तसं झालं तर त्याला मेनिया म्हणायचं. आयुष्यात एकदा जरी खरा मेनिया येऊन गेला, तरी निदान पहिल्या प्रकाराचं होतं.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, आणि तो आमच्या व्यवसायातही आहे. मेनिया मोठा, हायपोमेनिया छोटा, म्हणून टाइप टू म्हणजे टाइप वनची सौम्य आवृत्ती. अमेरिकेत लुईस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप टूच्या ८६ रुग्णांच्या आठवड्या-आठवड्याच्या नोंदी सरासरी तेरा वर्षांहून अधिक काळ ठेवल्या. २००३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. हे रुग्ण निम्म्याहून अधिक आठवडे आजाराची कोणती ना कोणती लक्षणं घेऊन जगत होते. साधारण पन्नास टक्के आठवडे नैराश्याचे. हायपोमेनियाचे आठवडे किती? एक टक्क्याहून थोडे जास्त. याच गटाने टाइप वनच्या रुग्णांचा असाच अभ्यास केला होता, त्यात नैराश्याचे आठवडे एक तृतीयांशाच्या आतबाहेर होते. म्हणजे टाइप टूचा रुग्ण नैराश्यात जास्त काळ काढतो. आत्महत्येच्या प्रयत्नांबाबत तर दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच आहेत. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दोन्हीकडे साधारण तीनातल्या एकाने आयुष्यात कधीतरी असा प्रयत्न केलेला आढळला. एक आणि दोन हे नुसते क्रमांक आहेत. त्यांत लहानमोठेपणा नाही.

आता हेच आकडे निदान करणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. शंभरातले पन्नास आठवडे नैराश्याचे आणि एखादा हायपोमेनियाचा. शिवाय त्या एका आठवड्यात माणूस डॉक्टरकडे येतच नाही. कशाला येईल? त्याला आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलेलं असतं. येतो तो पडल्यावर. मान खाली, आवाज खोल गेलेला, डोळ्यांत पाणी. डॉक्टर डिप्रेशन लिहितात, आणि त्या दुपारपुरतं ते खरंच असतं. तालुक्याचं पर्जन्यमान एका दुपारी आभाळाकडे पाहून सांगता येत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. तसंच हे.

हा आजार मुळात सापडला तोही अशा नोंदींमुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी, एकमेकांशी भांडतच, दाखवून दिलं की उन्माद आणि खिन्नता एकाच माणसात आळीपाळीने येतात. १८८१मध्ये बर्लिनच्या मेंडेल यांनी उन्मादाच्या सौम्य रूपाला हायपोमेनिया हे नाव दिलं. नंतर आले एमिल क्रेपेलिन. ते प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवत. दाखल होताना काय होतं एवढ्यावर न थांबता पुढे त्याचं काय झालं, पुन्हा कधी आला, मधल्या काळात कसा होता, हे त्यावर टिपत. या कार्डांच्या गठ्ठ्यातून १८९९ साली त्यांनी ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ आजाराची मांडणी केली. आजाराचं नाव त्याच्या चेहऱ्यावरून न ठेवता त्याच्या वाटचालीवरून ठेवायचं, ही क्रेपेलिन यांची मोठी देणगी.

क्रेपेलिन यांच्या त्या एकाच मोठ्या टोपलीत नुसत्या नैराश्याचे रुग्णही होते. ते वेगळे काढण्याची सुरुवात जर्मनीत लिओनहार्ड यांनी केली. १९६६मध्ये स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. मग १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डनर, गेर्शॉन आणि गुडविन यांच्या लक्षात आलं की एक गट मधेच लोंबकळतो आहे. हे लोक दाखल झाले ते नैराश्यासाठी, उन्मादासाठी कधीच नाही. पण खोदून विचारलं की मधे कुठेतरी चढाचे दिवस निघतात. या गटाला त्यांनी बायपोलर टू म्हटलं. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळायला १९९४ उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो स्वतंत्रपणे आला अकराव्या आवृत्तीत, जी २०२२च्या जानेवारीपासून लागू झाली. आपल्या पुष्कळ डॉक्टरांचं शिक्षण त्याआधी पूर्ण झालेलं आहे, हेही ध्यानात असू द्या.

इतिहास पुरे. आता दवाखान्यात या. अनेक जणांच्या हकिगती एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने, मी एक बाई तुमच्यासमोर उभी करतो. वय पस्तिशीच्या आसपास. घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. डिसेंबरात आल्या तेव्हा महिनाभर अंथरुणातून उठवत नव्हतं. डोक्याला तेल नाही, मुलाच्या शाळेची डायरी उघडलेली नाही. याआधी दोन वेळा अशाच आल्या होत्या, डिप्रेशनच्या गोळ्यांनी बऱ्या झाल्या होत्या आणि गोळ्या बंद केल्या होत्या. फाईलवर तिन्ही वेळा निदान एकच. ‘कधी याच्या उलट, खूप आनंदी, खूप जोरात असे दिवस असतात का?’ असं विचारलं, तर मान हलवून ‘नाही’. नैराश्यात माणसाला आपला आनंद आठवत नाही. आठवला तरी तो आजारात मोडतो हे त्याला पटत नाही.

सोबत सासूबाई होत्या. त्यांना मी वेगळा प्रश्न विचारला. ‘काकू, गेल्या दिवाळीत काम कसं झालं?’

‘काम? विचारू नका डॉक्टर,’ त्या म्हणाल्या, ‘दसऱ्यापासून हिला आवरता आवरेना. पहाटे तीनला भाजणी भाजायला उभी. मी म्हटलं, बाई गं, जरा पड, तर म्हणे मला झोपच नको. सोसायटीतल्या बायकांची कौतुकं चाललेली. आणि मोठं मशीन घेऊन टाकलं हप्त्यावर, कुणाला न विचारता.’

पुढच्या खेपेला मी ऑर्डरींची वही आणायला सांगितली. सप्टेंबरातली पानं नीटनेटकी होती. नाव, फोन, चकली अर्धा किलो, आगाऊ रक्कम, शिल्लक. दसऱ्यानंतर अक्षर मोठं आणि तिरपं झालेलं. दोन ओळींच्या मधे तिसरी कोंबलेली, समासात दुकानाच्या नावांची यादी, एका पानावर पुणे आणि नाशिकच्या शाखांचा हिशेब, त्याच पानावर मुलाला परदेशी पाठवण्याचा खर्च. घरच्या क्षमतेच्या कितीतरी पट ऑर्डरी. दिवाळी संपली आणि वही कोरी. उधारीची वसुलीसुद्धा टिपलेली नाही.

सणात सगळेच धावपळ करतात, असं इथे कोणीही म्हणेल, आणि त्यात चूक नाही. निदानाचं अर्धं कौशल्य या फरकात आहे. कामाच्या ओझ्याने जागणारा माणूस थकतो, जांभया देतो, संधी मिळाली की झोपतो. हायपोमेनियातला माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो आणि त्याला झोपेची उणीव भासत नाही. म्हणून ‘झोप लागत होती का?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘कमी झोपूनही तरतरी होती का?’ असं विचारावं लागतं. अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३च्या आवृत्तीने एक चांगली सुधारणा केली. मन उल्हसित असणं एवढंच पुरेसं न मानता, सोबत हालचाल आणि ऊर्जा वाढलेली असलीच पाहिजे, अशी अट घातली. भावना विसरल्या जातात. पण कोणत्या महिन्यात काय विकत घेतलं, कुणाला रात्री एकला फोन केले, किती कामं अंगावर घेतली, हे घरच्यांना आठवतं, बँकेच्या पासबुकात सापडतं, वहीत सापडतं.

याशिवाय आणखी बरंच चाळून घ्यावं लागतं. थायरॉइड तपासायचं. स्टेरॉइडची औषधं चालू होती का ते पाहायचं. दारू आणि इतर नशेबद्दल न लाजता विचारायचं. मन तासातासाला, कुणाच्या तरी बोलण्या-वागण्यावरून हेलकावत असेल, तर तो व्यक्तिमत्त्वाचा वेगळा प्रश्न असू शकतो. चंचलता लहानपणापासून सतत असेल, तर एडीएचडी या अतिचंचलतेच्या विकाराचा विचार करायचा. घराण्यात कुणाला असा आजार होता का, कुणी जीव दिला होता का, हेही विचारायचं. आपल्याकडे या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘छे, आमच्यात कुणी नाही’ असंच येतं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक आत्या निघते.

पहिल्या बाळंतपणाच्या आसपासचा काळ मी नेहमी वेगळा विचारतो. हा आजार असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे आठवडे जोखमीचे असतात. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं. बाळंतिणीची झोप तशीही मोडलेली, त्यात चार-सहा दिवस ती अखंड बोलतेय, हसतेय, तर घर त्याला बाळाचा आनंद समजतं. मग ती खचते. काही वर्षांनंतर दवाखान्यात सोबत येतो नवरा, आणि ते दिवस पाहिलेले असतात आईने. अशा वेळी आईला एक फोन केल्याने निदान बदललेलं मी पाहिलं आहे.

प्रश्नावल्याही आहेत. हर्शफेल्ड यांची मूड डिसऑर्डर प्रश्नावली २०००ची, तिच्या मुख्य भागात तेरा प्रश्न. आंग्स्ट यांची बत्तीस प्रश्नांची. वेटिंग रूममध्ये त्या भरून घेता येतात. त्या शंका उपस्थित करतात, निकाल देत नाहीत. हाच इशारा आजच्या तरुण मित्रांसाठीही. सकाळी छान वाटलं, संध्याकाळी रडू आलं, म्हणून ‘मी बायपोलर आहे’ असं मोबाइलवरच्या रीलवरून ठरवू नका. या आजाराचे झोके दिवसांचे आणि आठवड्यांचे असतात. निदान चुकून न होणं वाईट, तसंच चुकून होणंही वाईट. चार दिवसांची अट नेमकी बरोबर आहे का, दोनच दिवस पुरावेत का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत. पण वाद सीमारेषेवर आहे, रेषेच्या आत माणसं आहेत यावर नाही.

निदानाचा एवढा आग्रह कशाला, गोळ्या तर द्यायच्याच आहेत, असं वाटेल. पण गोळ्या बदलतात. नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काही जणांमध्ये हायपोमेनिया उफाळतो, काहींचे चढउतार भराभर यायला लागतात. सगळ्यांचं तसं होत नाही आणि टाइप टूमध्ये त्या गोळ्या कधी द्याव्यात याबद्दल मतभेद आहेत, पण निदान ठाऊक असल्याशिवाय तो निर्णय सावधपणे घेताच येत नाही. इथून घरी जाऊन कुणी आपली चालू गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. शंका असेल तर आपल्याच डॉक्टरांना विचारा.

या आजारात क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन आणि लिथियम ही नावं तुमच्या कानावर पडतील. लिथियमबद्दल थोडं बोलतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी तो पद्धतशीर चाचण्यांनी तपासून जगापुढे मांडला. आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत या जुन्या, स्वस्त औषधाचा पुरावा इतर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांपेक्षा भक्कम मानला जातो. पण त्याचं रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ते प्रमाण धोकादायक चढू शकतं. म्हणून निर्जळी उपास, विदर्भातल्या मे महिन्याचं ऊन, जुलाब, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी, या सगळ्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायचं. व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध तरुण स्त्रियांना देताना फार विचार करावा लागतो, कारण गर्भावर त्याचे दुष्परिणाम होतात. औषधाच्या जोडीला झोपेची ठरलेली वेळ हवी. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी दिनचर्येच्या याच शिस्तीवर एक उपचारपद्धती उभी केली. उठणं, जेवणं, लोकांशी पहिली भेट, झोपणं यांच्या वेळा स्थिर ठेवायच्या. फराळवाल्या बाईंनी पुढच्या दिवाळीत ऑर्डरी घेतल्याच, पण रात्री अकरानंतर गॅस बंद, हा नियम सासूबाईंनी पाळून घेतला.

आपल्या देशाचं चित्र काय? निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवी आजाराचे सुमारे सत्तर टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपलं चित्र वेगळं आहे असं समजून निश्चिंत व्हायला आधार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला सांगितलं आहे. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. एवढं असूनही उशीर होतो तो घरात. लग्न ठरेपर्यंत लपवायचं, लग्न झालं की सुधारेल म्हणायचं, आणि चढाच्या दिवसांना ‘आमची सून काय कामाची आहे’ असं प्रशस्तिपत्र द्यायचं.

डॉक्टर मित्र इथे बसले आहेत, त्यांना सांगणं असं की नैराश्याच्या प्रत्येक नव्या केसपेपरवर चढाच्या दिवसांचा प्रश्न विचारल्याची नोंद हवी, आणि ते उत्तर रुग्णाखेरीज आणखी एका माणसाकडून, रुग्णाच्या संमतीने, घेतलेलं हवं. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं काढणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. तरीही ती काढायला हवीत. चुकीच्या निदानाने रुग्णाची वर्षं जातात.

आणि बाकीच्या सर्वांना विनंती. तुमच्या घरातलं कुणी नैराश्यासाठी डॉक्टरकडे निघालं असेल, तर त्याला एकटं पाठवू नका. सोबत जा. त्याचे वाईट दिवस डॉक्टरांना तोच सांगेल. तुम्ही त्याचे फार चांगले दिवस सांगा: तो केव्हा झोपायचा थांबला, केव्हा एकाएकी खर्च करू लागला, केव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. जमलं तर महिना आणि साल कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.